धुळवडीचा फोटो

पांगरमोळ्याच्या भावेश्वरीच्या देवळात रोहिणीनं तो फोटो टांगला तेव्हा तिला वाटलं होतं, आता गाव विरघळणार. फोटोच तसा होता. तीन फूट बाय दोन फूट, चांगल्या कागदावर छापलेला, आणि त्यात खवल्या मांजराची मादी, शेपटीच्या बुडाशी आपलं पिल्लू घेऊन बिळातून बाहेर पडलेली. पिल्लाची खवलं अजून फिकट होती आणि ते नखांनी आईला घट्ट धरून बसलं होतं. या एका फोटोसाठी रोहिणीनं चार महिने माळावरच्या झाडाला कॅमेरा बांधून ठेवला होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा. चार महिन्यांत त्यानं म्हशींचे दोनशे, कुत्र्यांचे साठ आणि झोकांड्या खात घरी निघालेल्या एका माणसाचे अकरा फोटो काढले, आणि मग एकदाचा हा.

धुळवडीला दहा दिवस होते. धुळवडीला पांगरमोळ्याची शिकार निघते, आणि तिच्या आधी हा फोटो गावानं बघावा, म्हणून तर एवढी घाई. माणसं जमली. चष्मे पुसले गेले, चुकचुकणंही झालं. शिकारीचा म्होरक्या सयाजी, अडुसष्ट वर्षांचा, उंच, काटक माणूस, नाक टेकेल इतका पुढं झाला. रोहिणीला वाटलं, पिल्लू बघतोय.

"मागचा दगड बघितलासा का?" राजवीर म्हणाला. शिकारीतला हा सगळ्यात तरुण गडी. "कान फुटलेला. तळ्याच्या वरल्या अंगाला हाय ह्यो."

"व्हय की," सयाजी म्हणाला. "आनी ही करवंदीची जाळी. म्हंजे बिळाचं तोंड उताराला हाय. वरनं खणाय लागंल."

पिल्लू कुणी बघतच नव्हतं, हे रोहिणीच्या ध्यानात आलं. चार महिने तिनं सावलीचा विचार केला, पिल्लाच्या डोळ्यांचा विचार केला, कागदाच्या जाडीचासुद्धा विचार केला. मागचा दगड मात्र तिला दगडच वाटला. ज्या माणसांनी जन्मभर माळावर जनावराचा माग काढला, त्यांना तिनं माग आयता नेऊन दिला होता, फ्रेम करून, खिळ्यासकट.

तिनं फोटो त्याच दिवशी उतरवून नेसरीला आणला, पण ते म्हणजे उगीच स्वतःची समजूत. दगड काही माणसांच्या डोक्यातून उतरणार नव्हता.

नेसरीत एस.टी. स्टँडसमोर रोहिणीचा फोटो स्टुडिओ आहे. तिच्या वडिलांनी, भूपालअण्णांनी, तो काढला. लग्नं, बारशी, शाळेचे गट, पासपोर्ट फोटो असं सगळं तिथं चालतं. आणि वर्षातनं एकदा, धुळवडीला, पांगरमोळ्याच्या शिकारीचा फोटो.

त्या फोटोची रीत अशी. सकाळी गडी वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, खांद्यावर टाकून माळावर जाणार. दुपारी परत येऊन देवळासमोर अंथरलेल्या तरटावर मारलेलं जनावर ठेवणार, मागं बाकावर आणि बाकामागं वयाच्या मानानं उभे राहणार, म्होरक्या मधोमध. मग फोटो. फोटो निघाल्याशिवाय वाटे घालायचे नाहीत. वाटा प्रत्येक घराला जायचा, एकट्या म्हातारीच्या घरालासुद्धा. फोटोवाला जैन, तो मटणाला शिवणार नाही, म्हणून त्याच्या वाट्याला नारळ. कायदा कधीचाच आला होता, तो गावालाही ठाऊक होता. त्यामुळं देवळात लावलेले फोटो काढून घरोघर ट्रंकांत गेले, आणि तरट देवळासमोरून देवळामागं गेलं. रीत सुटली नाही.

अण्णांचा हात कापायला लागल्यापासून हा फोटो रोहिणी काढत होती. पहिल्याच वर्षी तरटावर दोन सशांशेजारी एक खवल्या होता. भ्यालेला खवल्या अंगाची गुंडाळी करतो. हा मेला होता तरी ती गुंडाळी सुटली नव्हती. "जरा सरळ करा की, तोंड दिसंना," असं रोहिणी म्हणाली होती. फोटोवाल्याची सवय, दुसरं काय. चार गड्यांनी जोर लावला, पण जनावर काही उलगडलं नाही. स्वतःचं ते वाक्य तिला पुढं कित्येक दिवस झोपू देईना. त्यानंतरच तिनं जंगलातले फोटो काढायला सुरुवात केली. येत्या एप्रिलमध्ये कोल्हापुरात निसर्गप्रेमी मंडळींचं प्रदर्शन होतं, आणि त्यांनी तिचाच खवल्या मधल्या भिंतीसाठी निवडला होता.

आता त्याच फोटोपायी ती मादी आणि तिचं पिल्लू जाणार होतं.

वनखात्याला फोन करावा, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. सयाजीच्या दोन मुलींच्या लग्नाचे फोटो तिनं काढले होते. आणि या शिकारीचा सगळ्यात मोठा पुरावा कुठं असेल, तर तो तिच्याच स्टुडिओत, अण्णांच्या लोखंडी कपाटात. पहिलं नाव अण्णांचं आलं असतं, आणि दुसरं तिचं. शिवाय फौजफाट्यानं एक धुळवड टळली असती, पुढच्या वर्षी गडी देवळामागूनही उठून आणखी आत कुठंतरी गेले असते.

ती पांगरमोळ्याला गेली, सयाजीला भेटली आणि सरळ म्हणाली, "मामा, त्या खवल्याला हात लावू नका."

"आमी न्हाय लावला तर दुसरं कोनबी लावंल," सयाजी म्हणाला. "आनी देवीची शिकार हाय, अक्का. गेल्या साली दोन ससं आनी एक घोरपड. लाज वाटली तरटाजवळ बसाय. औंदा काय तरी दिसाय पायजे."

 बयाबाईनं, सयाजीच्या बायकोनं, ताक दिलं, ते पिऊन रोहिणी परत आली.

घरी अण्णा स्टुडिओच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तिनं सगळं सांगितलं आणि मग, आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "अण्णा, आपण पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी माणसं. तुम्ही इतकी वर्षं हे फोटू काढलेच कसे?"

अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी न्हाय म्हटलं असतं तर ते मरायचं ऱ्हायलं असतं व्हय?" असं त्यांनी आधी विचारून बघितलं. पण त्या उत्तरावर त्यांचाच विश्वास बसलेला दिसला नाही. मग म्हणाले, "भ्यायलोतो मी. गाव तोडंल म्हणून भ्यायलोतो. फोटू काढायचा त्या दिवशी जेवत नव्हतो. तुझी आई म्हणायची, आपलं फाल्गुनाचं पर्व पौर्णिमेला संपलं, आज कसला उपवास. तिला काय सांगनार?"

रोहिणीला राग यायचा होता, तो आला नाही. नऊ वर्षं तिनंही तेच केलं होतं, आणि तिनं तर उपवाससुद्धा केला नव्हता.

"कपाट उघड," अण्णा म्हणाले.

कपाटात खालच्या कप्प्यात पाकिटं होती, वर्षवार लावलेली. एकोणीसशे ऐंशीपासून गेल्या वर्षापर्यंत, करोनाचं एक साल सोडलं तर सलग. प्रत्येक पाकिटावर अण्णांच्या बारीक अक्षरात त्या वर्षी तरटावर काय होतं त्याची नोंद होती. शेवटची नऊ पाकिटंही त्यांनीच लिहिली होती, रोहिणी फोटो काढून घरी आली की तिला विचारून. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला गावची चौकशी. अक्षर तेवढं कापरं झालं होतं.

"आनी एक सांगतो," अण्णा म्हणाले. "देवळामागं पायरीचा एक चिरा हाय. तरट मागं आल्यापास्नं तिपाई त्याच्यावरच ठेवली. देवळासमोर जेवढं अंतर हुतं, तेवढंच मापून धरलं. तुलाबी पयल्या दिवशी तिथंच उभी केली. जवळ गेलो न्हाय, लांब गेलो न्हाय. तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं. पन जागा हलवली न्हाय."

तिनं पहिल्या दहा वर्षांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले, मग पुढची दहा, मग पुढची. चौथी ओळ संपायच्या आत ती दोरी आणि चिमटे शोधायला उठली.

होळीच्या दिवशी सकाळी ती चव्वेचाळीस फोटो घेऊन पांगरमोळ्याला गेली. अण्णा हट्टानं बरोबर आले. सभामंडपात या खांबापासून त्या खांबापर्यंत तिनं दोरी बांधली आणि स्टुडिओत ओले फोटो वाळत घालायचे तसे चिमट्यांनी सगळे फोटो सालाप्रमाणं लावले. पहिला देवीच्या उजव्या हाताला, शेवटचा दाराशी. भाषण मात्र केलं नाही. भाषण तिला येतही नव्हतं, आणि मागच्या खेपेला शहाणपणा करून काय झालं ते ती विसरली नव्हती.

शिकारीच्या बैठकीला आलेली माणसं आधी थबकली आणि मग दोरीला चिकटली. गटाचा फोटो दिसला की माणूस पहिल्यांदा काय बघतो? स्वतःला. मग आपल्या माणसांना. "ह्यो माझा बा." "आन ह्यो तू की रं, मिशी फुटंना अजून." "आमच्या तात्याच्या डोक्यावर केस हुतं म्हनायचं." हशा उठला. बायकाही आल्या. बयाबाईनं पदर तोंडाला लावून नवऱ्याचा पस्तिशीतला रुबाब बघून घेतला. कुणाचा दादा, कुणाचा थोरला दीर, आता नसलेली किती माणसं त्या दोरीवर वाघर खांद्यावर टाकून बसली होती. दोघा-तिघांचे डोळेही भरून आले. अर्धा तास असाच गेला आणि कुणीही खाली तरटाकडं बघितलं नाही.

बघितलं ते बयाबाईनं. तिनंच दर वर्षी तरट अंथरलेलं, त्यामुळं तिचं लक्ष गेलं असावं.

"पयल्या सालात चार तरटं जोडल्याली हायती बघा," ती म्हणाली. "आनी तरीबी जनावर भुईवर आलंय."

माणसांच्या माना खाली आल्या. एकोणीसशे ऐंशी. दोन भेकरं, रानडुक्कर, साळिंदर, ससे तर मोजता येऊ नयेत इतके. माणसांची उंची तीच, बाक तोच, देवळाची भिंत तेवढ्याच अंतरावर. पुढं एक तरट कमी झालं. मग आणखी एक. देवळासमोरची जागा जाऊन देवळामागची आली तेव्हा दोन उरली होती. मग एकच, तेही दुमडलेलं. तरटाच्या आणि फोटोच्या कडेमधली मोकळी भुई दर वर्षी वाढत चालली होती. फोटोवाला हलला नव्हता, त्यामुळं ती भुई जनावर घटल्यानंच वाढली होती.

सयाजी पहिल्या फोटोपासून पुन्हा निघाला. या खेपेला त्यानं माणसांकडं बघितलं नाही. एका फोटोपाशी थांबून त्यानं बोट ठेवलं. "भेकर हितं. चौऱ्याण्णव." मग पुढची नऊ-दहा सालं न बोलता चालला. "साळिंदर हितं. त्याच्यापुढं न्हाय."

"लांब गेलं असंल," कुणीतरी म्हणालं. "धरणाच्या अंगाला."

"गेलं कुठं न्हाय," बयाबाई म्हणाली. "खाल्लं की तुमी. मी रांधलंय."

 सयाजीनं दोरीवरचा खवल्या शोधला. चव्वेचाळीस फोटोंत तो दोनच ठिकाणी होता, आणि दुसऱ्या ठिकाणी तो गुंडाळीतच होता.

"ह्यास्नी किती पिल्लं हुत्यात?" त्यानं रोहिणीकडं न बघता विचारलं.

"वर्षाला एक," रोहिणी म्हणाली. "तेही जगलं तर."

मग सयाजी अण्णांपुढं जाऊन उभा राहिला. "भूपालअण्णा, तुमास्नी हे दिसत हुतं?"

"दिसत हुतं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"भ्यायलो," अण्णा म्हणाले. ही कबुली आठवड्यात दुसऱ्यांदा देताना त्यांना पहिल्यापेक्षा सोपं गेलं असावं.

सयाजी दाराशी गेला, पायताण पायात सरकवलं. "उद्या शिकार निघनार," तो पाठमोराच म्हणाला. "देवीची हाय, मोडता येत न्हाय. फोटूला ये, अक्का." आणि निघून गेला. राजवीर त्याच्या मागं गेला.

धुळवडीला रोहिणी अकरालाच जाऊन बसली. गावात पोरं रंगानं माखली होती, घराघरांतून मसाला भाजल्याचा वास येत होता. देवळामागं चिऱ्यावर तिनं तिपाई उभी केली. अण्णा भिंतीच्या सावलीत खुर्चीवर बसले. बयाबाईनं तरट आणून अंथरलं, हातानं त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि घरात गेली.  ते तरट भरलं तर फोटो काढायचा की नाही, हे रोहिणीनं अजून ठरवलं नव्हतं. काढला तर ती अण्णांच्याच वाटेनं गेली असती. नाही काढला, तरी खवल्या मेलेलाच असता.

एकच्या सुमाराला गडी उतारावरून येताना दिसले. पुढं सयाजी. तिनं आधी हात बघितले, मग खांदे. वाघर गुंडाळलेली होती. टिकाव राजवीरकडं होता, पण त्याला ओली माती दिसत नव्हती.

सयाजीनं गडू भरून पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि उरलेलं प्याला. "गेलतो," तो म्हणाला. "कानफुट्या दगडापातूर गेलतो. बिळाच्या तोंडाला ताजी माती हाय. शेजारचं वारूळ काल रातीच उकरलंय. हायती दोघंबी आत."

"मग?"

"मग काय? बसलो घटकाभर. माझा बा सांगायचा, माळावर शिकार बसल्यावर समजतीया, पळून न्हाय. समजली. उठून आलो." तो बाकावर मधोमध बसला आणि वाघर खांद्यावर नीट केली. "काढ फोटू."

गडी ज्याच्या त्याच्या जागी उभे राहिले. राजवीरचं तोंड वाकडं होतं. खवल्याच्या खवल्यांना गिऱ्हाईक असतं हे त्याला ठाऊक होतं, आणि आज नुसतंच ऊन खाऊन तो आला होता. पण तोही उभा राहिला, शेवटी, तरुणाच्या जागी. म्होरक्यापुढं तरट अंथरलेलं होतं आणि तरटावर काहीही नव्हतं. रोहिणीनं भिंगातून बघितलं. तिपाई चिऱ्यावरून न हलवता तिनं फोटो काढला.

त्या दिवशी वाटे होळीच्या उरलेल्या पोळ्यांचे घातले. बयाबाईचं म्हणणं असं, की वाटा चुकवायचा नाही. काही गडी कुरकुरले, दोघांनी परस्पर कोंबडी आणली, हेही खरं. सगळं गाव एका दिवसात संत झालं, असं सांगितलं तर मी खोटा ठरेन.

निघताना सयाजीनं रोहिणीला बाजूला बोलावलं. "तो तुझा म्होटा फोटू कोल्हापुरात लावनार हायस म्हनं."

"व्हय. मधल्या भिंतीवर."

"लावू नगो."

तिनं मान वर केली.

"आमी दगड बघूनशान वळखला. तिकडं बघाय येनारं समदं शेरातलंच असतंय व्हय? आमच्यासारखं एखादं आलं तर? पिल्लू अजून म्हईना दोन म्हईने तिथंच ऱ्हायाचं."

ते खरं होतं, आणि ते आपल्याला आधी सुचलं नाही याची रोहिणीला शरम वाटली. तरी वाईटही वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जन्मात एकदाच मिळतो तसा तो फोटो होता. मधली भिंत होती. तिनं घरी येऊन रात्रीच्या जेवणाआधीच मंडळाला कळवलं, की खवल्याचा फोटो देता येणार नाही, त्याच्या बदल्यात दुसरा पाठवते.

दुसरा फोटो बघून मंडळींनी कपाळाला हात लावला. वन्यजीवांच्या प्रदर्शनात अठरा माणसं, एक बाक आणि एक रिकामं तरट. पण शब्द दिला होता, तेव्हा त्यांनी तो लावला. मधली भिंत दुसऱ्या कुणाच्या वाघाला गेली आणि हा जिन्याजवळ, पिण्याच्या पाण्याच्या शेजारी आला. खाली रोहिणीनं एवढंच लिहिलं होतं: 'खवले मांजर, मादी आणि पिल्लू.'

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सयाजी एस.टी.नं कोल्हापूरला आला, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून. वाघ त्यानं दोन मिनिटांत उरकला आणि आपल्या फोटोपाशी येऊन उभा राहिला. पाणी प्यायला येणारी माणसं फोटो बघायची, खालची ओळ वाचायची आणि पुन्हा फोटो बघायची. गळ्यात भला मोठा कॅमेरा अडकवलेला एक तरुण बराच वेळ थांबला. त्यानं फोटोतला म्होरक्या आणि शेजारी उभा असलेला म्हातारा ताडून बघितला.

"आजोबा, हे तुम्हीच ना? यात खवले मांजर कुठं दिसत नाही."

"हाय की," सयाजी म्हणाला.

"कुठं?" तरुणानं खिशातून मोबाइल काढला. "जागा सांगा ना, मलाही फोटो काढायचाय."

सयाजीनं त्याच्या कॅमेऱ्याकडं बघितलं, मग जिन्याशी उभ्या असलेल्या रोहिणीकडं बघितलं.

"ते सांगायचं न्हाय, पावणं," तो म्हणाला.